अमेरिकेतील हँडगन नोंदणी आणि आंतरराज्य स्थलांतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या व्यक्तीला स्वतःजवळील हँडगनची, म्हणजे पिस्तुलाची किंवा रिव्हॉल्वरची, नव्या राज्यात नोंदणी करावी लागते की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. संपूर्ण देशाला लागू होणारी हँडगनची सार्वत्रिक नोंदवही अमेरिकेत नाही. अशी नोंदवही स्थापन करण्यास संघीय कायद्याने १९८६ पासून मनाई आहे. बहुसंख्य राज्यांत नोंदणीची सक्ती नाही. हवाई, कॅलिफोर्निया, मेरीलँड, न्यू जर्सी ही राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा येथे मात्र नवागतास ठरावीक मुदतीत शस्त्राची नोंद करावी लागते. न्यू यॉर्कसारख्या राज्यात तर परवाना हाती येण्यापूर्वी हँडगन जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो.

परिणामी शस्त्र तेच, मालकही तोच, परंतु राज्याची सीमा ओलांडताच त्याची कायदेशीर स्थिती बदलू शकते. पूर्वीच्या राज्यातील कायदेशीर खरेदीची पावती किंवा शस्त्र बाळगण्याचा परवाना नव्या राज्यात पुरेसा बचाव ठरत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे एरवी निरपराध असलेल्या व्यक्तींवर खटले दाखल झाल्याची उदाहरणे आहेत.

संकल्पना

या विषयात तीन गोष्टींची वारंवार गल्लत होते. पहिली म्हणजे नोंदणी. विशिष्ट अनुक्रमांकाचे शस्त्र विशिष्ट व्यक्तीच्या मालकीचे आहे, अशी शासकीय दप्तरातील नोंद म्हणजे नोंदणी होय. दुसरी म्हणजे मालकीचा परवाना किंवा ओळखपत्र. यात शस्त्राची नव्हे, तर व्यक्तीची पात्रता तपासली जाते. इलिनॉय राज्यातील ओळखपत्र या प्रकारात मोडते. तिसरी म्हणजे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र अंगावर बाळगण्याचा परवाना. तो सर्वस्वी राज्याच्या अधिकारातील असून काही राज्ये एकमेकांचे असे परवाने मान्य करतात, काही करत नाहीत. एखाद्या राज्याने पाहुण्याचा परवाना मान्य केला, तरी तोच पाहुणा तेथील रहिवासी झाल्यावर ती मान्यता टिकेलच असे नाही.

‘रहिवासी’ या शब्दालाही येथे विशेष अर्थ आहे. संघीय नियमांनुसार व्यक्ती ज्या राज्यात घर करण्याच्या उद्देशाने प्रत्यक्ष उपस्थित असते, ते तिचे वास्तव्याचे राज्य होय. दोन राज्यांत घरे असणारी व्यक्ती ज्या वेळी ज्या घरी राहत असेल, त्या वेळी ती तेथील रहिवासी मानली जाते. सक्रिय सेवेतील सैनिकाच्या बाबतीत, त्याची कायम नेमणूक ज्या राज्यातील तळावर असेल त्या राज्याचा तो रहिवासी समजला जातो. बदली हा सैनिकी जीवनाचा भागच असल्याने स्थलांतराच्या या नियमांशी सैनिकांच्या कुटुंबांचा संबंध वारंवार येतो.

इतिहास

शस्त्रनियंत्रण हा अमेरिकेत परंपरेने राज्यांच्या अखत्यारीतील विषय राहिला आहे. न्यू यॉर्क राज्याने १९११ साली सलिव्हन कायदा करून हँडगनसाठी परवाना सक्तीचा केला. मिशिगनने १९२७ च्या कायद्याने पिस्तुलांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी संघीय काँग्रेसने सामान्य नागरिकांना टपालाने हँडगन पाठविण्यास बंदी घातली.

मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट संमत झाला. त्याच्या मूळ मसुद्यात हँडगनचाही समावेश होता. तथापि विरोधामुळे त्या वगळण्यात आल्या. मशिनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन, सायलेन्सर इत्यादींची संघीय नोंदणी मात्र या कायद्याने सुरू झाली. हँडगन या वेळी सुटल्या नसत्या, तर स्थलांतराच्या आजच्या प्रश्नाचे स्वरूप निराळे झाले असते.

राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची १९६३ मध्ये, तर मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) व रॉबर्ट केनेडी यांची १९६८ मध्ये हत्या झाली. त्यानंतर १९६८ सालीच गन कंट्रोल ॲक्ट अस्तित्वात आला. या कायद्याने सामान्य नागरिकाने दुसऱ्या राज्यातून हँडगन विकत आणण्यास, तसेच परवानाधारक विक्रेत्यास मध्ये न घेता दुसऱ्या राज्यातील रहिवाशास ती देण्यास बंदी केली. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रांना त्यातून सूट आहे. आधीपासून स्वतःच्या मालकीचे शस्त्र घर बदलताना बरोबर नेण्यास हा कायदा मनाई करत नाही. मात्र नव्या राज्याचा कायदा पाळण्याची जबाबदारी मालकावर राहते.

फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट (१९८६) हा या विषयातील निर्णायक टप्पा होय. शस्त्रे, त्यांचे मालक किंवा त्यांचे व्यवहार यांची राष्ट्रीय नोंदणीव्यवस्था स्थापन करण्यास त्याने मनाई केली आणि दुसरीकडे राज्यांतून प्रवास करणाऱ्या शस्त्रमालकांना ‘सुरक्षित मार्गक्रमणा’चे संरक्षण दिले.

राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरील १९८१ च्या हल्ल्यात त्यांचे माध्यमसचिव जेम्स ब्रेडी जखमी होऊन कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९९३ मध्ये संमत झाला. त्याअन्वये एफबीआयची तत्काळ पार्श्वभूमी-तपासणी १९९८ पासून सुरू झाली. तपासणीत पात्र ठरलेल्या ग्राहकाची ओळख पटविणारी माहिती २४ तासांत नष्ट करावी लागते. त्यामुळे या तपासणीतूनही मालकांची राष्ट्रीय यादी तयार होत नाही.

संघीय कायद्याची चौकट

नोंदवही नसताना गुन्ह्यात सापडलेल्या हँडगनचा माग कसा काढला जातो, हा प्रश्न साहजिक आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून शस्त्र घेताना ग्राहक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो आणि तो विक्रेत्याच्या दप्तरी राहतो. मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके यांविषयीचा संघीय विभाग, अर्थात एटीएफ, अनुक्रमांकावरून उत्पादकाकडे, तेथून घाऊक व किरकोळ विक्रेत्याकडे चौकशी करत पहिल्या ग्राहकापर्यंत पोहोचतो. हे काम वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रातून चालते. दुकान बंद केलेल्या विक्रेत्यांची दप्तरेही तेथेच जमा होतात. मात्र ग्राहकाच्या नावावरून शोध घेता येईल अशी त्यांची मांडणी नसते. पहिल्या ग्राहकाने पुढे राज्य बदलले किंवा शस्त्र विकले, तर ही साखळी तेथेच खुंटू शकते.

१९३४ च्या कायद्याखालील शस्त्रांचे नियम वेगळे आहेत. मशिनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि विध्वंसक साधने दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी सामान्य मालकास एटीएफची परवानगी घ्यावी लागते. साध्या हँडगनला ही अट नाही.

काही व्यक्तींना संघीय कायद्यानेच शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. एक वर्षाहून अधिक तुरुंगवासास पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्ती आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्ती त्यांत येतात. त्यांच्यासाठी राज्य बदलल्याने काहीही फरक पडत नाही.

राज्यनिहाय तरतुदी

पुढील तरतुदी प्रमुख राज्यांपुरत्या आहेत. या कायद्यांत विधिमंडळे व न्यायालये यांच्याकडून वारंवार बदल होत असतात.

हवाई

हवाईचे नियम सर्वांत काटेकोर मानले जातात. राज्यात कोणत्याही प्रकारचे बंदुकीवर्गीय शस्त्र आणणाऱ्या व्यक्तीने पाच दिवसांच्या आत संबंधित परगण्याच्या पोलीसप्रमुखाकडे त्याची नोंद करावी लागते. व्यक्ती आधी पोहोचली आणि सामान जहाजाने मागून आले, तर जे नंतर पोहोचेल त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. हा नियम केवळ नव्या रहिवाशांना नव्हे, तर तात्पुरत्या मुक्कामासाठी शस्त्र आणणाऱ्यांनाही लागू आहे. हँडगनच्या १० हून अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनवर राज्यात बंदी आहे. शस्त्रमालकांची नावे एफबीआयच्या सतत देखरेख ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीत समाविष्ट करण्याचा कायदा हवाईने २०१६ मध्ये केला. असे करणारे ते पहिले राज्य ठरले.

कॅलिफोर्निया

कॅलिफोर्नियात राहावयास येणाऱ्या शस्त्रमालकाने ६० दिवसांच्या आत राज्याच्या न्याय विभागाकडे मालकीचा अहवाल सादर करावा लागतो. १९९८ पासून ही तरतूद हँडगनपुरती होती. २०१४ पासून ती रायफली व शॉटगन यांनाही लागू झाली. अहवाल द्यावयाचा नसल्यास त्याच मुदतीत शस्त्र परवानाधारक विक्रेत्यास विकणे किंवा पोलिसांच्या स्वाधीन करणे हा पर्याय असतो.

दुकानात विक्रीस योग्य ठरलेल्या हँडगनची एक यादी राज्याकडे असते. नवा रहिवासी मात्र यादीबाहेरील हँडगनही स्वतःबरोबर आणू शकतो. ही सवलत सरसकट नाही. राज्याच्या व्याख्येनुसार ‘प्राणघातक हल्ल्याची शस्त्रे’ ठरणाऱ्या बंदुका व पिस्तुले नोंदणी करूनही आणता येत नाहीत. १० हून अधिक काडतुसांच्या मॅगझिनवरही बंदी आहे. त्यामुळे पिस्तूल नोंदणीस पात्र, परंतु त्याच्यासोबत आलेले मॅगझिन बेकायदा, असा प्रसंग उद्भवू शकतो.

मेरीलँड

मेरीलँडमध्ये १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार नव्या रहिवाशाने वास्तव्य सुरू झाल्यापासून ९० दिवसांत हँडगन व अन्य नियंत्रित शस्त्रे राज्य पोलिसांकडे नोंदवावी लागतात. सर्व शस्त्रांसाठी मिळून एकच अर्ज पुरतो.

न्यू जर्सी

न्यू जर्सीत दीर्घकाळ नवागतांवर नोंदणीची सक्ती नव्हती. ती ऐच्छिक होती. जुलै २०२२ मधील कायद्याने ही स्थिती बदलली. आता नव्या रहिवाशाने ६० दिवसांत शस्त्रखरेदीचे ओळखपत्र मिळवून राज्याबाहेर घेतलेल्या शस्त्रांची नोंद करावी लागते. पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही या राज्याचे कडक निर्बंध असून इतर अनेक राज्यांत सहज मिळणारी अशी काडतुसे येथे वेगळ्या गुन्ह्याचे कारण ठरू शकतात.

कोलंबिया जिल्हा

राजधानी वॉशिंग्टनचा समावेश असलेल्या कोलंबिया जिल्ह्याने १९७६ मध्ये सर्व बंदुकांची नोंदणी सक्तीची केली आणि नव्या हँडगनची नोंदणी बंद करून त्यांवर व्यवहारतः बंदी आणली. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली. नोंदणीची सक्ती मात्र कायम राहिली. जिल्ह्यात शस्त्र आणणाऱ्या नव्या रहिवाशाने पोलिसांना तत्काळ कळवून ४८ तासांच्या आत अर्ज करणे अपेक्षित आहे. संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बोटांचे ठसे व प्रत्यक्ष उपस्थिती या अटी उचलून धरल्या; तीस दिवसांत एकच पिस्तूल नोंदविण्याची मर्यादा आणि दर तीन वर्षांनी पुनर्नोंदणीची अट रद्द केली.

न्यू यॉर्क

न्यू यॉर्कमध्ये नोंदणी परवान्यातच अंतर्भूत आहे. परवानाधारकाच्या प्रत्येक हँडगनची नोंद त्याच्या परवान्यावर असते. परवान्याशिवाय हँडगन स्वतःच्या घरात ठेवणे हासुद्धा अपराध आहे. घराबाहेर भरलेली हँडगन विनापरवाना बाळगल्यास किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

स्थलांतर करणाऱ्यापुढील खरी अडचण क्रमाची असते. परवान्याचा अर्ज सामान्यतः वास्तव्याच्या परगण्यात करावा लागतो आणि अर्जावर निर्णय देण्यास कायद्याने सहा महिन्यांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे तेथे राहावयास गेल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि परवाना मिळाल्याशिवाय हँडगन नेता येत नाही. त्यामुळे दरम्यानच्या काळात हँडगन पूर्वीच्या राज्यातच कायदेशीर ठिकाणी ठेवणे किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत तिची व्यवस्था करणे भाग पडते. राज्यातील अन्य परगण्यांत मिळालेला परवाना न्यू यॉर्क शहरात आपोआप चालत नाही. त्यासाठी शहर पोलीस आयुक्तांची विशेष परवानगी लागते. म्हणून राज्य न बदलता केवळ शहरात राहावयास जाणाऱ्यालाही हाच प्रश्न भेडसावतो.

इलिनॉय व मॅसॅच्युसेट्स

या दोन राज्यांत मुख्य भर व्यक्तीच्या पात्रतेवर आहे. इलिनॉयमध्ये १९६८ च्या कायद्यान्वये शस्त्रमालकाचे ओळखपत्र सक्तीचे असून नव्या रहिवाशास राज्याचा वाहनपरवाना किंवा ओळखपत्र मिळाल्यापासून ६० दिवसांची सवलत मिळते. शिकागो शहराची स्वतंत्र नोंदणीव्यवस्था २०१३ मध्ये रद्द झाली. मॅसॅच्युसेट्समध्येही नवागतास बरोबर आणलेल्या शस्त्रांबाबत परवाना मिळविण्यासाठी ६० दिवसांचा अवधी आहे.

नोंदणी नसलेली राज्ये

टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा यांसह बहुसंख्य राज्यांत नवागताने हँडगनविषयी कोणासही कळविण्याची आवश्यकता नाही. फ्लोरिडाने तर शासकीय यंत्रणांनी शस्त्रमालकांची यादी ठेवण्यासच कायद्याने मनाई केली आहे. अशा राज्यातून नोंदणीच्या राज्यात जाणाऱ्यांना नियमांची कल्पना नसणे स्वाभाविक असते. परंतु कायद्याचे अज्ञान हा सर्वसाधारणपणे बचाव मानला जात नाही.

वाहतूक आणि ‘सुरक्षित मार्गक्रमण’

घर बदलताना वाटेत अनेक राज्ये लागू शकतात. १९८६ च्या कायद्यानुसार, जेथून निघावयाचे आणि जेथे पोहोचावयाचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे त्या व्यक्तीसाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांचे निर्बंध असले तरी तिला शस्त्र घेऊन जाता येते. त्यासाठी शस्त्रात काडतुसे भरलेली नसावीत. शस्त्र व काडतुसे प्रवाशांच्या आसनांपासून सहज हाती लागतील अशी नसावीत. वाहनाला स्वतंत्र डिकी नसेल, तर ती कुलूपबंद पेटीत ठेवावी लागतात. ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन आसनांमधील कप्पा यासाठी चालत नाही.

या संरक्षणाच्या शब्दरचनेत एक महत्त्वाची मर्यादा आहे. ते मार्गक्रमणाला आहे, वास्तव्याला नाही. जेथे पोहोचावयाचे तेथेच हँडगन बाळगणे बेकायदा असेल, तर वाटेतील संरक्षणही लागू होत नाही. टेक्सासहून न्यू यॉर्कला परवान्याविना पिस्तूल नेणाऱ्यास म्हणूनच या कलमाचा आधार मिळत नाही.

विमानाने नेताना हँडगन रिकामी, कठीण आवरणाच्या कुलूपबंद पेटीत व नोंदवलेल्या सामानात ठेवून विमान कंपनीच्या खिडकीवर तसे जाहीर करावे लागते. घरसामान वाहून नेणाऱ्या कंपनीमार्फत शस्त्र पाठवावयाचे असल्यास सामानात शस्त्र असल्याचे तिला आधी कळविणे बंधनकारक आहे.

उल्लेखनीय प्रकरणे

न्यू जर्सीतील दोन प्रकरणे या विषयाच्या चर्चेत वारंवार उद्धृत केली जातात.

पहिल्या प्रकरणात कोलोरॅडोहून न्यू जर्सीत परतलेल्या एका तरुणाला २००९ मध्ये अटक झाली. कोलोरॅडोत कायदेशीररीत्या घेतलेल्या हँडगन त्याच्या मोटारीच्या डिकीत सापडल्या होत्या. एका निवासस्थानातून दुसऱ्या निवासस्थानी जाताना शस्त्र नेण्यास न्यू जर्सीच्या कायद्यात सूट आहे. मात्र न्यायाधीशांनी त्या सवलतीविषयी ज्युरीला सूचना दिल्या नाहीत. २०१० मध्ये त्याला सात वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. डिसेंबर २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी शिक्षा कमी करून त्याची सुटका केली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने हँडगनविषयक दोषसिद्धी रद्द ठरविली. पोकळ टोकाच्या गोळ्यांविषयीची दोषसिद्धी मात्र कायम राहिली. खटला ज्या शस्त्रांवरून उभा राहिला त्यांतून तो सुटला आणि काडतुसांमुळे दोषी राहिला.

दुसरे प्रकरण २००५ मधील आहे. यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे नेवार्क येथे पुढचे विमान चुकले. नियमानुसार जाहीर केलेली हँडगन असलेले सामान त्याच्या हाती आले आणि त्याला रात्र तेथील हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने प्रामाणिकपणे शस्त्र जाहीर करताच त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेण्यात आले. त्याने भरपाईसाठी केलेल्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला, की हॉटेलात शस्त्र त्याच्या सहज हाती असल्याने ‘सुरक्षित मार्गक्रमणा’चे संरक्षण संपुष्टात आले होते. अशा वेळी प्रवाशाने शस्त्र विमानतळावरील पोलिसांच्या ताब्यात ठेवण्याची विनंती करावी, असा मार्ग न्यायालयाने सुचविला.

घटनात्मक प्रश्न

घटनेची दुसरी दुरुस्ती (१७९१) शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी आहे. हा हक्क व्यक्तीचा असल्याचे २००८ च्या हेलर निकालाने आणि तो राज्यांवरही बंधनकारक असल्याचे २०१० च्या मॅकडोनाल्ड निकालाने स्पष्ट केले. २०२२ च्या ब्रुएन निकालात न्यू यॉर्कची ‘विशेष कारण’ दाखविण्याची अट रद्द झाली आणि शस्त्रविषयक निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असावेत, अशी कसोटी घालून देण्यात आली. तेव्हापासून राज्यांच्या अनेक नियमांना या कसोटीवर आव्हान देण्यात येत आहे.

नोंदणीच्या सक्तीसंबंधी एक जुना निकालही लक्षणीय आहे. ‘हेन्स विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या १९६८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्याने नोंद करणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणे ठरेल, त्याला नोंद न केल्याबद्दल शिक्षा करता येत नाही; कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती घटनेच्या पाचव्या दुरुस्तीला मान्य नाही. त्यानंतर काँग्रेसने संबंधित कायद्याची रचना बदलली.

मतमतांतरे

नोंदणीच्या समर्थकांच्या मते शस्त्र कोणाकडे आहे हे ठाऊक असल्यास गुन्ह्यांचा तपास सुकर होतो. न्यायालयाने एखाद्यास शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरविल्यावर त्याच्याकडील शस्त्रे परत घेणेही शक्य होते. नवागतांना वगळले, तर कडक कायद्याच्या राज्यातील नोंदवही शेजारच्या सैल कायद्याच्या राज्यामुळे निरर्थक होईल, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

विरोधकांचे म्हणणे असे, की नोंद करावयास केवळ कायदा पाळणारेच जातात आणि चुकल्यास शिक्षाही त्यांनाच होते. नोंदवहीचा उपयोग पुढे शस्त्रे जप्त करण्यासाठी होईल, ही भीतीही ते व्यक्त करतात. माहितीच्या गोपनीयतेचा मुद्दाही वेळोवेळी पुढे आला आहे. २०१२ च्या अखेरीस न्यू यॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने दोन परगण्यांतील परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी राज्याने परवानाधारकांना आपली माहिती गुप्त ठेवण्याची विनंती करण्याची सोय दिली. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० व्यक्तींची खासगी माहिती उघड झाली होती.

मुदतीच्या आत नोंद करणे सुलभ असावे आणि अनवधानाने चुकणाऱ्यास शिक्षेऐवजी दुरुस्तीची संधी मिळावी, अशीही एक भूमिका मांडली जाते.

अमेरिकेतील परदेशी रहिवासी व भारतीय

संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना शस्त्र बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. वैध शिकार-परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. एच-१बी व्हिसावर नोकरी करणारे व विद्यार्थी व्हिसावर शिकणारे भारतीय या मनाईच्या कक्षेत येतात. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळालेल्यांना संघीय कायद्याने शस्त्र घेता येते. मात्र शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकास देशाबाहेर घालविले जाऊ शकते. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेली कॅलिफोर्निया, न्यू जर्सी व इलिनॉय ही तिन्ही राज्ये कडक शस्त्रकायद्यांची आहेत. नोकरीनिमित्त टेक्सासहून न्यू जर्सीला जाणाऱ्या ग्रीन कार्डधारकाच्या दृष्टीने साठ दिवसांची मुदत म्हणूनच केवळ दंडाची बाब राहत नाही.

भारतातील व्यवस्थेशी तुलना

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे. शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ देशभर लागू आहेत. शस्त्र बाळगणे हा भारतात हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे आणि प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय संगणकीय संचिकेत विशिष्ट ओळख क्रमांकासह ठेवली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सामान्यतः दोनच शस्त्रे बाळगता येतात.

परवानाधारकाने कायमचे किंवा तीस दिवसांहून अधिक काळासाठी वास्तव्य बदलून शस्त्र बरोबर नेल्यास तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या आणि मूळच्या अशा दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना कळविणे, ही परवान्याची अट राहिली आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हेही पाहावे लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. पुण्याहून इंदूरला जाणाऱ्या परवानाधारकाला कार्यालय बदलावे लागते, कायदा बदलत नाही. अमेरिकेत राज्यसीमेवर कायदाच बदलतो.

हेही पहा

अमेरिकेच्या संविधानाची दुसरी दुरुस्ती
गन कंट्रोल ॲक्ट, १९६८
डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर
सलिव्हन कायदा
शस्त्र अधिनियम, १९५९